पन्नाशीनंतरचे जोर

बोधडीच्या बाजूच्या एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. एरवी या सदराला येणारी पत्रे बोंडअळीची, पिवळ्या पडलेल्या सोयाबीनची, नाही तर जळालेल्या मोटारीची असतात. हे पत्र निराळे आहे. ते लिहितात, "माझे वय ५८. सात एकर जमीन, एक बैलजोडी, एक म्हैस. मुलगा किनवटला शिकायला आहे, तिथे जिममध्ये जातो. दसऱ्याला घरी आला तेव्हा म्हणाला, बाबा, तुमच्या वयाला तर वजन उचलायलाच पाहिजे. बाकावर उताणे पडून छातीवरून लोखंडी दांडी वर ढकलायची, असा काही एक प्रकार त्याने सांगितला. त्याला बेंच प्रेस म्हणतात. त्याची आई पदर तोंडाला लावून हसली. ती म्हणाली, जन्मभर पोती उचलली ते काय कमी झाले, म्हणून आता लोखंड उचलायचे? साहेब, तुमचे मत कळवावे."

मत कळवतो. पण हेच पत्र दोन वर्षांपूर्वी आले असते तर मीही त्या माउलीसारखाच हसलो असतो, हे आधी कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. कपाशीचा एक प्लॉट पाहायला गेलो होतो. रात्रभर झड लागलेली, काळी जमीन, बांधावरचे गवत ओले. पाय सटकला आणि मी पालथा सरीत पडलो. लागले काहीच नाही. पण उठायला गेलो तर उठता येईना. हात टेकावे तर चिखलात कोपरापर्यंत रुतत, आणि घट्ट जागा सापडली तरी अंग वर ढकलण्याइतका जोर दंडांत येत नव्हता. दोनदा अर्धवट उठून पुन्हा खाली बसलो. तेवढ्यात मागून प्लॉटचे मालक आले. वय सत्तरीच्या पुढचे, अंगाने पापड. त्यांनी माझे मनगट धरले आणि गोठ्यातली खुंटी उपटावी तसे मला वर ओढले.

"लागलं का साहेब?"

"नाही आबा."

"मंग उठंनात कामून?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कपाशीवरच्या तुडतुड्याविषयी त्यांना काय सांगितले ते आज आठवत नाही, त्यांचा प्रश्न मात्र आठवतो.

घरी येऊन अंघोळ केली, दार लोटून घेतले आणि जमिनीवर हात टेकून एक जोर मारून पाहिला. खाली गेलो, वर आलोच नाही. परभणीला कृषी महाविद्यालयात असताना वसतिगृहाच्या गच्चीवर मी पन्नास जोर सहज मारीत असे. मधली तीस वर्षे मोटारसायकलीवर, खुर्चीवर आणि शिवारफेरीत गेली. शिवारफेरीत चालणे भरपूर होते, म्हणून आपली तब्येत ठणठणीत आहे असा माझा समज होता. पाय चालत होते. हात मात्र कधीच रजेवर गेले होते.

हे कसे होते ते थोडक्यात सांगतो. तिशीपस्तिशीनंतर माणसाच्या अंगातले मांस, म्हणजे स्नायू, हळूहळू झिजू लागतात. साठीनंतर ही झीज वाढते. झीज आरशात दिसत नाही, कारण मांस जाते तिथे चरबी येऊन बसते आणि दंडाचा घेर तेवढाच राहतो. शिवाय स्नायू जितका झिजतो त्याहून ताकद जास्त कमी होते, आणि त्यातही झटका देण्याची, पटकन तोल सावरण्याची ताकद आधी जाते. पाय सटकल्यावर तरुण माणूस सावरतो आणि म्हातारा पडतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. पूर्वी याला नुसते म्हातारपण म्हणत. १९८९ साली अमेरिकेतील डॉ. रोझेनबर्ग यांनी याला सार्कोपेनिया असे नाव दिले. नाव लक्षात नाही राहिले तरी चालेल.

आता त्या माउलीचा मुद्दा. जन्मभर पोती उचलली, मग निराळा व्यायाम कशाला? मुद्दा बिनबुडाचा नाही. शेतात राबणारा माणूस आणि गादीवर बसणारा माणूस यांत फरक असतोच. नाही तर सत्तरीच्या आबांनी मला ओढून काढले नसते. पण आपण शेतात नक्की काय करतो ते एकदा मोजून पाहा. निंदणी, वेचणी, कापणी ही सगळी वाकून करायची कामे. कमरेला ताण, हाताला बारीक काम, आणि तेच ते दिवसभर. त्याने दम वाढतो, चिकाटी वाढते. ताकद वाढत नाही. फवारणीचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो, पण तो पाठीवर बसतो, हातांवर नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते. आपल्या आजीने जाते ओढले आणि उखळात मुसळ घातले. तिच्या दंडांना रोज काम होते. आज दळण गिरणीत जाते. मी गिरणीविरुद्ध नाही. जाते ओढून ओढून किती बायांचे खांदे गेले तेही मी पाहिले आहे. मात्र काम गेले त्याबरोबर त्या कामाने होणारी मेहनतही गेली, हा हिशेब आपण मांडला नाही.

पोत्याचेही तसेच. युरियाची गोणी २०१८ सालापासून ५० किलोची ४५ किलोची झाली. आमच्या गावचे लोक म्हणतात, गोणी हलकी झाली तरी उचलायला जड लागते. आणि खरे म्हणजे पोते आता घरातला कर्ता उचलतच नाही. मुलगा उचलतो नाही तर हमाल. कर्ता उभा राहून "जपून, जपून" म्हणतो. वर्षातून चार वेळा मात्र कोणी नसते, तेव्हा तो ईर्षेने एकदम गोणी उचलतो आणि कंबर धरून आठ दिवस बाजेवर पडतो.

बैलाच्या बाबतीत आपण असे कधी करतो का? गोऱ्हा पहिल्याच दिवशी नांगराला कोणी जुंपत नाही. आधी नुसते जू मानेवर ठेवायचे, मग हलके लाकूड ओढवायचे, मग वखर, मग नांगर. खांदा हळूहळू तयार होतो. ग्रीस देशात मायलो नावाच्या पहिलवानाची अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतात. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकदही वाढत गेली, आणि शेवटी तो पुरा बैल उचलू लागला. गोष्ट गोष्टीच्या ठिकाणी. बैल काही उचलला नसेल. पण रोजच्यापेक्षा किंचित जास्त ओझे, आणि ते अंगवळणी पडले की आणखी किंचित जास्त, एवढेच ताकदीचे सूत्र आहे. आजही त्यात बदल झालेला नाही.

हे सूत्र म्हातारपणीही चालते का, ही शंका डॉक्टरांनाही होती. अमेरिकेत बोस्टन शहरी डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना घेऊन एक प्रयोग केला. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. वये होती ८६ ते ९६. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेतला. वजनही लुटूपुटूचे नव्हे, त्यांच्या मानाने चांगले जड. एक जण मध्येच थांबला. उरलेल्या नऊ जणांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीतल्या माणसाचा स्नायूसुद्धा खतपाण्याला जागतो, मग ५८ हे काय वय झाले? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगून ठेवले आहे की प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी त्यात तोल सांभाळण्याचा व्यायाम घालून तो तीन दिवस करावा.

आता तुमच्या मुलाच्या बेंच प्रेसकडे येतो. बाकावर उताणे पडायचे, पाय जमिनीवर रोवायचे, खांद्यांपेक्षा थोड्या जास्त अंतरावर दांडी धरायची, ती सावकाश छातीपर्यंत आणायची आणि वर ढकलायची. यात छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजू काम करते. आता हेच चित्र उलटे करून पाहा. माणूस पालथा, जमीन खाली, आणि दांडीऐवजी तो स्वतःचे अंग वर ढकलतो आहे. हा झाला जोर! आपल्या मारुतीच्या देवळामागच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या मारले गेलेले जोर म्हणजे बिनखर्चाचा बेंच प्रेसच आहे. साध्या जोरात अंगाच्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. ६० किलोचा माणूस एक जोर मारतो तेव्हा ४० किलो ढकलतो. गुडघे टेकून मारला तर निम्मा भार येतो, म्हणजे ३० किलो. आणि दोन फूट उंचीच्या ओट्यावर हात टेकून मारला तर पाचातले दोन भाग, म्हणजे २४-२५ किलो. युरियाच्या अर्ध्या गोणीहून थोडे जास्त. मी त्या दिवशी वर का आलो नाही ते आता कळेल. माझे वजन ७४ किलो. मी एकदम ५० किलो उचलायला गेलो होतो, तीस वर्षांच्या सुट्टीनंतर.

आपला मुलूख कुस्तीला परका नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजून कुस्त्यांची दंगल भरते. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत कितीतरी मल्ल घडवले. २०११ साली ते वारले. पण आपल्याकडे एक चुकीची समजूत बसली आहे की मेहनत ही वीस-बावीस वर्षांच्या पोराने करायची. लग्न झाले, तालीम सुटली. नंतर उरते ती तांबड्या मातीची आठवण आणि दुधाची सवय. मग पोट सुटते.

या समजुतीला मराठी मुलखातच एक चांगला अपवाद होऊन गेला, तो म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्यांचा जन्म १८६८ चा. ऐन तिशीत त्यांनी सँडो नावाच्या युरोपातल्या मल्लाची साधने मागवली आणि दहाएक वर्षे त्या पद्धतीने मेहनत केली. (आपण बाजारातून जी सँडो बनियन आणतो ती याच पहिलवानाच्या नावाची.) पुढे चाळिशीच्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार धरले ते म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना नमस्कार घालायला लावले, त्यावर पुस्तके लिहिली, १९३८ साली तर विलायतेतही त्यांचे पुस्तक निघाले. १९५१ साली ते वारले तेव्हा वय ८२ होते. सूर्यनमस्कारात मधोमध छाती जमिनीला लावून पुन्हा हातांवर अंग उचलायचे असते. तो एक जोरच. रोज घातलेला, कमी-जास्त संख्येने, पण न चुकता. राजाला काही गोणी उचलायची नव्हती, तरी तो हे करीत होता.

तर सुरुवात कशी करावी? मी केली तशी सांगतो. पहिले पंधरा दिवस भिंतीवर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहायचे, छातीच्या उंचीवर तळवे टेकायचे, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची आणि परत ढकलायचे. दहा वेळा झाले की दोनतीन मिनिटे बसायचे, मग पुन्हा दहा. हे फारच सोपे वाटले, आणि वाटावेच, की पाण्याच्या हौदाच्या काठावर किंवा बैलगाडीच्या साटीवर हात टेकायचे. गाडीला उटी लावायला विसरू नका; मी विसरलो होतो. मग घराचा ओटा. ओट्यावर मला तीन महिने लागले. त्यानंतर जमिनीवर गुडघे टेकून, आणि सरतेशेवटी पाय लांब करून पुरा जोर. प्रत्येक पायरीवर आठ ते बारा वेळा जमले पाहिजे आणि शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. शेवटचे दोन जड जात नसतील तर पायरी बदलायची वेळ झाली असे समजावे. जड जाताना अंग वेडेवाकडे होऊ लागले तर थांबावे. अंग टाचेपासून मानेपर्यंत फळीसारखे सरळ राहिले पाहिजे, कंबर लोंबता कामा नये, आणि कोपरे पंखासारखी बाहेर न फेकता अंगालगत तिरपी ठेवावीत म्हणजे खांदा दुखत नाही.

आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन. रोज नको. नांगरट वाफशावर करतो, ओल्यात करीत नाही. तसाच स्नायूलाही मेहनतीनंतर एक-दोन दिवसांचा वाफसा लागतो. ताकद भरते ती विश्रांतीच्या दिवसांत. निंदणी-काढणीच्या दाटीत दिवस गेला तर त्या दिवशी सोडून द्या, दुसऱ्या दिवशी करा. मी या सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत दोन आठवडे काहीच केले नाही, आणि परत ओट्यावर यावे लागले नाही.

नुसत्या जोरांनी मात्र भागणार नाही. त्याबरोबर बैठका हव्यात, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुर्चीवरून किंवा बाजेवरून हात न टेकता उठणे-बसणे करावे, दहा वेळा. आणि ओढण्याचे काम हवे. पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन, कमरेत थोडे वाकून, कोपरे मागे नेत ते पोटाशी ओढावेत. पाठ सरळ, कंबर गोल नाही. नुसते ढकलत राहिले तर खांदे पुढे येतात आणि माणूस पोक काढलेला दिसतो.

जिममध्ये जाऊ नये असे मात्र मी म्हणत नाही. तुमच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे, आणि बापाची काळजी करणाऱ्या पोराला हसून वाटेला लावू नये. लोखंडाचा एक मोठा फायदा असा की वजन मोजता येते. आज किती, पुढच्या महिन्यात किती, हे वहीत लिहिता येते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत बैठक आणि जमिनीवरून उचलणे यांच्याबरोबर बेंच प्रेस हा एक प्रकार असतो, आणि तिथे चाळिशीपासून सत्तरीच्या पुढपर्यंत वयोगट ठेवलेले आहेत. पण पहिल्या दिवशी वजनाच्या चकत्या लावू नका. स्पर्धेची मोठी दांडीच नुसती २० किलोची असते. तिच्यावरच दहा-बारा वेळा शिका. पुढे दोन-अडीच किलोने वाढवा, त्याहून जास्त एकदम नको. शेजारचा पोरगा ८० किलो मारतो याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. आणि ही एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: एकट्याने दांडी छातीवर घेऊ नये. हात थकले की दांडी छातीवर किंवा गळ्यावर येते, आणि तरुण माणसेसुद्धा यात प्राणाला मुकली आहेत. डोक्याशी मुलाला उभे करा. अंगठा दांडीभोवती घट्ट गुंडाळा. मदतीला कोणी नसेल तर घरी सतरंजीवर उताणे पडून दोन हातांत दोन कॅन घेऊन ढकला. कोपरे जमिनीला टेकतात तिथे वजन आपोआप थांबते. कॅन तोंडावर नव्हे, छातीवर धरा, आणि झाकण घट्ट लावा.

श्वास कोंडू नये. ढकलताना सोडावा, खाली येताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा त्रास आहे, अंतर्गळ आहे, किंवा नुकतेच मोतीबिंदूचे नाही तर पोटाचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. बाकीच्यांनीही पन्नाशी झाल्यावर एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी. दोन्ही रोग न दुखता वाढतात. मेहनत करताना छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, थंड घाम, चक्कर असे काही झाले तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत बसू नये. स्नायू दुखणे वेगळे. ते दुसऱ्या दिवशी दुखतात आणि दोनतीन दिवसांत राहतात. सांध्यात सुई टोचल्यासारखे दुखले तर मात्र तो प्रकार सोडावा.

आता ज्या माउली हसल्या त्यांच्यासाठी. वहिनी, खरे म्हणजे ही मेहनत तुमच्यासाठी तुमच्या मालकांपेक्षा जास्त गरजेची आहे. बाईमाणसाला मुळात स्नायू कमी, आणि पाळी गेल्यानंतर हाडे झपाट्याने पोकळ होतात. हाडावर ताण पडला तरच हाड धरून राहते. गेल्या वर्षी माझी आई न्हाणीत घसरून बसली. वय ८१. घरात कोणी नव्हते. हाड मोडले नाही, रक्त आले नाही. पण हात टेकून स्वतःला उचलता येईना. बायको बाजारातून येईपर्यंत दीड तास ती ओल्या फरशीवर बसून होती. हाक मारायची लाज वाटली म्हणाली. मी बांधावर पडलो तेव्हा आबा होते. तिच्याजवळ कोणी नव्हते, आणि मी घरात रोज जोर मारीत असताना तिला काही शिकवावे हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

आता ती सकाळी ऊन अंगणात आले की भिंतीला हात टेकून दहा वेळा ढकलते आणि बाजेवरून हात न लावता आठ वेळा उठते. पहिल्या दिवशी दोनदाच उठली होती. नातवंडे मोजतात, आणि चुकीचे मोजले तर ती त्यांना टोकते. आणखी एक गोष्ट तिला शिकवली, ती घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला शिकवा. पडले तर घाईने उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग हात आणि गुडघे टेकून रांगत्या मुलासारखे व्हावे, मग खुर्ची किंवा उंबरा धरून एक पाय पुढे रोवावा आणि उठावे. सतरंजीवर याचा सराव करून ठेवला की वेळेला घाबरगुंडी उडत नाही.

खाण्याचे सांगितल्याशिवाय हे पुरे होत नाही. पिकाला मशागत केली आणि खत नाही दिले तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. स्नायूंचे खत म्हणजे प्रथिने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. म्हातारपणी थोडी जास्त, ६० ग्रॅमपर्यंत, घ्यावीत असे बरेच तज्ज्ञ सांगतात. आपले ताट कसे असते? दोनतीन भाकरी, पातळ वरण, ठेचा. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने, तेवढ्याच तुरीच्या डाळीत बावीस. पण वरणात डाळ किती आणि पाणी किती? आणि म्हातारी माणसे तर दात नाहीत म्हणून चहात भाकरी बुडवून जेवण झाले म्हणतात. वरण घट्ट करा. मूठभर शेंगदाणे, एक पेला दूध, चालत असेल तर एक-दोन अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात. किनवट तालुक्यात एवढे सोयाबीन पिकते, त्यात शंभर ग्रॅमला छत्तीस ग्रॅमहून जास्त प्रथिने आहेत, आणि आपण दाणा न दाणा आडतीवर घालतो. बाजारभावाने दरवर्षी रडवले तरी निदान पायलीभर घरात ठेवा. मात्र कच्चे दळू नका. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिने पचू देत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, उन्हात खडखडीत वाळवावे, आणि नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो या प्रमाणात घालून दळून आणावे. भाकरीला वास येत नाही, थापतानाही मोडत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

माझे म्हणाल तर आज जमिनीवर पुरे जोर सलग चौदा होतात. पन्नास होणार नाहीत आणि तशी इच्छाही नाही. गेल्या महिन्यात त्याच आबांच्या शेतावर गेलो होतो. ट्रॉलीतून डीएपीच्या गोण्या उतरत होत्या, मी एक टोक धरले. आबा दुसऱ्या टोकाला. गोणी ओट्यावर ठेवल्यावर त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

पत्रलेखक बंधूंनी संक्रांतीच्या सुमारास पुन्हा एक पत्र टाकावे आणि ओट्यावर किती जोर होतात ते कळवावे. वहिनींचाही आकडा लिहावा.

पुढील अंकी हरभऱ्याची बीजप्रक्रिया आणि मर रोग.